दुपारी दोनचा बार

झोया अख्तरच्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मधले तिघे मित्र 2011 साली स्पेनभर भटकले आणि मित्रांची टोळी जमवून स्पेनला जाण्याची हौस भारतात घरोघरी पोचली. त्यांनी टोमॅटोंची फेकाफेक केली ते बुन्योल गाव व्हॅलेन्सिया प्रांतातले. व्हॅलेन्सिया शहराचा स्वतःचा सण मात्र मार्चमध्ये येतो, त्याला फायास म्हणतात, आणि तो डोळ्यांआधी कानांवर येतो. 1 ते 19 मार्च रोज दुपारी दोनला नगरपालिकेसमोरच्या चौकात काही मिनिटे दारूचे बार उडतात. त्या प्रकाराला मास्क्लेता म्हणतात. भर उन्हात उडणाऱ्या या बारांत बघण्यासारखे फारसे काही नसते, धूर असतो आणि आवाज असतो, तरी चौक आणि आजूबाजूचे रस्ते माणसांनी भरून जातात. बाहेरून आलेल्याला हा बेभान गोंगाट वाटतो. स्पॅनिश माणूस उत्सवप्रिय, त्याच्या रक्तातच ते आहे, असे म्हणून तो पुढच्या गावाला निघतो. मला हे स्पष्टीकरण पटत नाही. फायासचा इतिहास पाहिला तर हा आवाज मोकाट सुटलेला नाही, तो घडवलेला आहे. परवाने, बंदी, कर, गल्लीचा हट्ट आणि दारूकाम करणाऱ्या घराण्यांचे कसब यांच्या दीडदोनशे वर्षांच्या ओढाताणीतून तो आजच्या रूपाला आला.

सणाच्या उगमाची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते ती सुतारांची आहे. हिवाळ्यात दिवस लहान, म्हणून सुतार लाकडी दिवटणीवर दिवे लावून काम करत. वसंतात उजेड वाढला की त्या दिवटणीची गरज संपे, आणि 19 मार्चला, म्हणजे सुतारांचे आश्रयदाते संत जोसेफ यांच्या दिवशी, ती दिवटणी कारखान्यातल्या भुशाढलप्यांसह दारात जाळली जाई. पुढे दिवटणीला जुने कपडे चढले, तिचा पुतळा झाला, आणि पुतळ्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांचे चेहरे आले. गोष्ट गोड आहे. मात्र तिला जुना कागदोपत्री आधार मिळत नाही. ती लोकप्रिय झाली एकोणिसाव्या शतकात. वसंताच्या तोंडावर होळ्या पेटवणे आणि चिडवण्यासाठी पुतळे टांगणे या चाली युरोपात अनेक ठिकाणी होत्या, त्यासाठी सुतारच लागत नव्हते. अठराव्या शतकातले उल्लेख वाचले तर दिसते ते वेगळेच: अरुंद गल्ल्यांत आग लागेल, घरांचे दर्शनी भाग काळे पडतील, म्हणून या होळ्या रुंद रस्त्यांवर आणि चौकांतच पेटवाव्यात असा सरकारी आग्रह. म्हणजे हा सण नोंदीत येतो तो एखाद्या विधीच्या पोथीतून नव्हे, नगरव्यवस्थेच्या हुकमातून. आग कुठे लावायची, यावर गल्ली आणि सत्ता यांचे बोलणे तेव्हापासून चालू आहे.

एकोणिसाव्या शतकात हे बोलणे भांडणावर आले. पुतळ्यांची टवाळी धारदार झाली. लबाड नवरे, लाचखाऊ अधिकारी, धर्माचे ढोंग करणारे, सगळे चौकात उभे राहू लागले. 1855 मध्ये जुझेप बेर्नात इ बाल्दोवी या लेखकाने एका फायासाठी, म्हणजे चौकात उभारून शेवटी जाळायच्या पुतळ्यांच्या देखाव्यासाठी, पद्यात पुस्तिका लिहिली, आणि चौकातले देखावे शब्दांत समजावणाऱ्या अशा पुस्तिकांचा पायंडा पडला. लोकांच्या तोंडची व्हॅलेन्सियन भाषा, जिला कचेरीत आणि शाळेत मान नव्हता, ती या पुस्तिकांत छापून आली. सुशिक्षित सत्ताधाऱ्यांना हे सारे गावंढळ वाटे. त्यांनी पुढे परवान्याचे शुल्क इतके चढवले की फाया उभारणे गल्लीला परवडेना आणि त्यांची संख्या रोडावली. याच काळात, 1884 मध्ये, एक उपहासात्मक साप्ताहिक निघाले आणि त्याने नाव घेतले 'ला त्राका'. त्राका म्हणजे फटाक्यांची लांबच लांब माळ, जी गल्लीभर टांगून एका टोकाला बत्ती देतात. सत्तेला टोचून बोलू पाहणाऱ्या पत्राला हेच नाव सुचले, यावरून फटाक्याच्या आवाजाचा तिथल्या मनात काय अर्थ होता ते कळते. मग वारे फिरले. 1895 मध्ये लो रात पेनात या व्हॅलेन्सियन भाषा-संस्कृतीच्या संस्थेने उत्तम फायांना बक्षिसे दिली आणि 1901 मध्ये नगरपालिकेनेही बक्षिसे सुरू केली. काल कर लावणारा हात आज बक्षीस देऊ लागला. बक्षीस आले की परीक्षक आले, नियम आले, आणि पुतळे करणाऱ्यांचा स्वतंत्र धंदाही उभा राहिला.

आवाजाचेही तसेच झाले. पूर्वी मिरवणुकांना आणि थोरामोठ्यांच्या स्वागताला लोखंडी उखळ्यांचे बार काढत. छोट्या उखळीत दारू ठासायची, तोंड घट्ट बंद करायचे आणि रांगेने एकामागून एक बत्ती द्यायची. त्या उखळीला मास्क्लेत म्हणत. पुढे कागदात गच्च आवळलेल्या जाड फटाक्यालाही तेच नाव पडले. चौकात आज लोखंडी जाळीच्या कुंपणाआड खांबांना दोर ताणलेले असतात आणि दोरांवर रंगीत कागदातले हे फटाके ओळीने लोंबत असतात, वाळवणासारखे. त्यांना जोडणारी वात हेच खरे कसब. दोन बारांमध्ये किती वेळ जावा हे वातीच्या लांबीवर आणि जातीवर ठरते, म्हणून दारूकाम करणारा कारागीर वात बांधताना ताल बांधत असतो. सुरुवातीला सुटे बार, मग जमिनीवरचे आणि आकाशातले बार एकमेकांना उत्तर देऊ लागतात, लय वाढत जाते, आणि शेवटी ज्याला ते लोक 'भूकंप' म्हणतात तो येतो: सगळ्या ओळी एकदम पेटतात, आवाज 120 डेसिबलच्या वर जातो, पायाखालची फरसबंदी थरथरते. कानांवरचा दाब कमी व्हावा म्हणून जाणकार तोंड उघडे ठेवून उभे राहतात. लय मध्येच तुटली, चढण फार लवकर आली, शेवट पोकळ वाटला, तर गर्दीला ते कळते आणि टाळ्या थंड पडतात. चांगल्या कारागिराला मात्र उचलून घेतात. गोदेयासारख्या शहराजवळच्या गावांत हे दारूकाम पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. आता बराचसा भाग विजेच्या कळीने पेटतो, तरी सुरुवात होते ती नगरपालिकेच्या बाल्कनीतून त्या वर्षीची मानकरी तरुणी व्हॅलेन्सियनमध्ये 'दारूकामवाले महाशय, आपण सुरू करू शकता' अशा अर्थाचे ठरलेले वाक्य म्हणते तेव्हाच. ज्या आवाजाला वेळ, जागा, परवानगी, चढउतार आणि शेवट आहे, त्याला गोंगाट म्हणणे मला चुकीचे वाटते.

यावर कुणी म्हणेल की हा सगळा पर्यटनाचा बाजार आहे. आक्षेपात तथ्य आहे. 1927 मध्ये फायाससाठी खास रेल्वेगाडी आली, 1932 मध्ये सणाचा आठवडा केला गेला, स्पेनच्या यादवी युद्धानंतर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने त्यावर आपली शिस्त आणि आपला धर्म चढवला; माता मेरीला फुले वाहण्याचा आजचा भव्य सोहळा 1940 च्या दशकातला आहे. 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आले आणि गर्दी आणखी वाढली. पण पर्यटक फार तर चार दिवस राहतो. शहरात साडेतीनशेहून अधिक फाया मंडळे आहेत, त्यांची गल्लीतली जागा, कसाल, वर्षभर चालू असते, आणि 19 मार्चच्या रात्री जे जाळायचे त्यासाठी रहिवासी महिन्या-महिन्याला वर्गणी भरतात. 29 ऑक्टोबर 2024 च्या महापुरात व्हॅलेन्सिया प्रांतात दोनशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा अनेक कसालांत अन्नधान्य, कपडे, फावडी गोळा झाली. केवळ बाजारासाठी उभ्या राहिलेल्या रचनेकडून एवढे तत्पर काम झाले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आवाज इजा करतो. तान्ही बाळे, आजारी माणसे, कुत्री आणि पक्षी यांना ताल कळत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये माद्रिदने नदीकाठी एक मास्क्लेता घडवली, तेव्हा पक्ष्यांच्या काळजीने पर्यावरणवाद्यांनी ती थांबवण्याचा प्रयत्न केला. ती झाली, पण विरोध मला योग्य वाटतो. ज्या शहराने त्या आवाजाशी दोन शतके वाटाघाटी केल्या नाहीत, तिथे तो नुसता आयात केलेला धडाका उरतो. व्हॅलेन्सियातही सगळ्याच आवाजाचा बचाव करता येत नाही. सकाळी झोपलेल्यांना उठवायला जमिनीवर आपटायचे फटाके आणि रात्रभर कुणीही कुठेही फोडायचे सुटे बार यांच्यामागे ना कारागीर असतो ना वेळ. इजा होते आणि झोपमोड होते ती बहुतेक त्यांनीच. फटाक्यांविषयीच्या 2007 च्या युरोपीय निर्देशानंतर स्पेनने 2010 च्या हुकमात पारंपरिक सणांसाठी सवलत ठेवली आणि पालकांच्या संमतीने आठ वर्षांच्या मुलांनाही सौम्य फटाके हाताळू दिले. त्या सवलतीमागची जिव्हाळ्याची भावना मी समजू शकतो, कारण दारूशी ओळख लहानपणीच झाली नाही तर उद्याचा कारागीर आणि उद्याचा जाणता श्रोता कुठून येणार? तरीही गल्लीतल्या सुट्या फटाक्यांची वेळ आणि जागा नगरपालिकेने आजच्यापेक्षा कडक ठरवावी असे मला वाटते. अठराव्या शतकात होळी गल्लीतून चौकात नेली म्हणून सण मेला नाही, तिथेच तो वाढला. दुपारी दोनचा बार मोठा होऊ शकला तो त्याला एकच चौक आणि एकच वेळ मिळाली म्हणून.