चारशे अकरा एकरांचा शेजारी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीचा इतिहास येणार, तो यायलाच हवा. पहिली कमिटी, पहिला बोअर, पहिला गणेशोत्सव हे सगळं इतर सभासद माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी लिहिणार आहे आपल्या सर्वांत मोठ्या शेजाऱ्याबद्दल, म्हणजे पुणे विद्यापीठाबद्दल. औंध-बाणेरच्या बाजूला राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा पत्ता सांगताना "युनिव्हर्सिटीच्या पुढे" असंच सांगावं लागतं. पण हा शेजारी इथे आला कधी आणि त्याचं आपलं नातं काय, याचा विचार आपण फारसा करत नाही.

विद्यापीठाच्या आधीही ही जागा इतिहासात होतीच. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली ती गणेशखिंड आणि खडकी यांच्यामधल्या माळावर. पुढे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी १८६४ मध्ये इथे गव्हर्नमेंट हाऊसचं बांधकाम सुरू केलं, ते १८७१ मध्ये पुरं झालं. खर्च इतका फुगला की त्यावर बरीच टीका झाली. पावसाळ्यात मुंबईचा गव्हर्नर इथे मुक्कामाला येई. २२ जून १८९७ च्या रात्री याच बंगल्यातला व्हिक्टोरिया राणीचा समारंभ आटोपून परतताना रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, त्याही याच गणेशखिंड रस्त्यावर. थोडक्यात, ही जागा मुळात गावापासून लांब, पहाऱ्यातली आणि कुंपणाची. सामान्य माणसाने आत यावं म्हणून ती बांधलेलीच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर पुण्याला विद्यापीठ मिळालं. १० फेब्रुवारी १९४९ ला ते स्थापन झालं, बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. सुरुवातीचे काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमधून चालला. मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने गणेशखिंडीची जागा मिळाली आणि १ जून १९४९ पासून विद्यापीठ इथे आलं. तेव्हा बारा जिल्हे, अठरा कॉलेजं आणि आठ हजारांच्या आसपास विद्यार्थी. साहेबाचा बंगला विद्येचं घर झाला, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. पण बंगल्याबरोबर त्याचं कुंपणही वारशात आलं.

हे म्हणण्याचं कारण, पुण्यात विद्येची जुनी रीत वेगळी होती. फर्ग्युसन कॉलेज १८८५ मध्ये पेठेतल्या वाड्यात सुरू झालं आणि दहा वर्षांनी चतुःशृंगीच्या वाटेवरच्या माळावर गेलं. त्याच्या मागोमाग वस्ती गेली. खाणावळी, पुस्तकांची दुकानं, भाड्याच्या खोल्या, इराण्याचं हॉटेल, सगळं कॉलेजच्या आधाराने वाढलं. त्याआधी तर गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघालं तेही याच गरजेतून. त्या व्यवस्थेत जातीपातीचे भेद होते आणि विद्यार्थ्याला मिंधेपणही होतं, त्याचे गोडवे गायला नकोत. पण एक गोष्ट त्यात होती: शिकणारा मुलगा ही गल्लीची जबाबदारी समजली जाई.

गणेशखिंडीत असं झालं नाही, कारण तिथे गल्लीच नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी पलीकडे औंध गाव, शेतं आणि काही सरकारी संस्था. विद्यापीठ शहरापासून लांब गेलं होतं, मग शहरच त्याला शोधत आलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंजवडीत आयटी पार्क आलं, १९९७ मध्ये आसपासची गावं महापालिकेत घेतली गेली, आणि त्याच लाटेवर आपली सोसायटी उभी राहिली. म्हणजे खरं पाहिलं तर विद्यापीठ आपल्या शेजारी आलेलं नाही, आपण त्याच्या शेजारी आलो आहोत.

आल्यावर आपण त्याच्याकडून काय घेतलं? मुख्यतः रस्ता. विद्यापीठ चौकात उड्डाणपूल झाला, तो पंधरा वर्षंही टिकला नाही. मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडावा लागला. मग रुंदीकरण, आणि गणेशखिंड रस्त्याच्या झाडांचा वाद कोर्टापर्यंत गेला. चौकात कोंडी झाली की आपण विद्यापीठाकडे एक अडथळा म्हणून बघतो. तिकडे आत नवे विभाग, नवी केंद्रं, नव्या इमारती होत गेल्या. १९८८ मध्ये आयुका आली. दोन्ही बाजू वाढल्या, पण एकमेकांकडे पाठ करून.

त्याच आवारात उलट उदाहरणही आहे. आयुकाने आपलं दार मुलांसाठी उघडं ठेवलं. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं ठेवली. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून विज्ञान शोधिका उभी राहिली, तिच्या इमारतीचं नावच 'पुलस्त्य'. अरविंद गुप्तांनी तिथे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवलं. यासाठी भिंत पाडावी लागली नाही. भिंतीत एक दार ठेवलं आणि आत आलेल्याला काही दिलं, एवढंच.

माझ्या मते विद्यापीठाच्या विस्ताराची कसोटी हीच असावी. नवा विभाग काढताना त्याच्या विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय आधी, कारण वसतिगृह अपुरं पडलं की भार आसपासच्या वस्तीवर येतो आणि भाडी चढतात. उंच इमारती आतल्या बाजूला, रस्त्याच्या कडेला झाडं आणि चालायला जागा. ग्रंथालय, सभागृह, मैदान यांचा काही वाटा ठरलेल्या वेळी शेजाऱ्यांसाठी. आणि आराखडा कागदावर पक्का होण्याआधी आसपासच्या लोकांना बोलावून दाखवावा.

पण हे सगळं दुसऱ्याला सांगायचं, तर आपणही आपलं दार बघायला हवं. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दर एक-दोन वर्षांनी तोच विषय येतो: विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने द्यायचे की नाहीत. रात्री उशिरा येतात, दुचाक्या कुठेही लावतात, आवाज करतात. तक्रारी खोट्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या ज्येष्ठांची झोप मोडते हे मी जाणतो. पण "विद्यार्थी नकोत" असा सरसकट ठराव करणं म्हणजे आपणही कुंपणच घालणं. नांदेडहून, धुळ्याहून, नेपाळहून आलेलं पोर अखेर कुठे राहणार? आपल्यापैकी कितीतरी जण स्वतः असेच पुण्यात आलो, कॉट बेसिसवर राहिलो, मेसचा डबा खाल्ला. आज आपली मुलं बंगळुरूत, जर्मनीत, अमेरिकेत कुणाच्या तरी घरात भाड्याने राहतात, आणि तिथला घरमालक बरा निघावा अशी आपली इच्छा असते.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझी सूचना साधी आहे. बंदी नको, नियम करू. एका फ्लॅटमध्ये किती जण, पार्किंग कुठे, रात्री किती वाजेपर्यंत आवाज चालेल, हे लेखी ठरवावं आणि ते मालकाच्या भाडेकरूंना जसं, तसंच मालकांनाही लागू असावं. वर्षातून एकदा गणेशोत्सवात विद्यार्थी भाडेकरूंना पंगतीला बोलवावं. कमिटीने विद्यापीठाला पत्र लिहून शेजारच्या सोसायट्यांसोबत वर्षाला एक बैठक मागावी. आधी आपण हात पुढे केला, तर मागणीला वजन येईल.

पुढच्या पंचवीस वर्षांत हा शेजारी आणखी वाढणार, आपल्याही पुनर्विकासाची चर्चा सुरू होणार. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कुणीतरी या नात्यावर पुन्हा लिहील. त्याला लिहायला चांगलं काही मिळावं, एवढं आपल्या हातात आहे.