राणीछाप रुपया आणि भोकाचा पैसा

आजीच्या हिशेबात दुसरं महायुद्ध वाण्याने सुरू केलं. हिटलर लांबचा, वाणी दारातला. रंगूनचा तांदूळ आता यायचा नाही, हे तिला त्यानेच सांगितलं.

तिचं सासर कोकणातल्या माणगाव तालुक्यात. शेतात भात व्हायचं, पण वर्षभर पुरायचं नाही. उरलेले महिने मुंबईच्या मनीऑर्डरीवर आणि ब्रह्मदेशच्या तांदळावर निघायचे. 1942च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो तांदूळ बंद झाला. पुढच्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने मेली. कोकणावर ती पाळी आली नाही. आजीच्या घरी पेज पातळ झाली, लुगडं कंट्रोलचं आलं, आणि रॉकेल वाचवायला दिवेलागणीआधीच जेवणं उरकू लागली.

पण ती रंगवून सांगायची ती नाण्यांची गोष्ट. 1940च्या जूनमध्ये फ्रान्स पडला, तशी माणसं नोटा देऊन चांदीचे रुपये घ्यायला धावली. सरकारने गरजेपेक्षा जास्त नाणी साठवायला बंदी केली आणि एक रुपयाची नोट काढली. रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी असे, ती निम्म्यावर आणली. मग राणीछाप रुपये चलनातून बाद झाले. आजीच्या सासूने आपले परत केलेच नाहीत. सोनाराकडून तोडे करून घेतले. इतका शहाणा आर्थिक निर्णय त्या काळात दिल्लीतही कुणी घेतला नसेल. 1943मध्ये तर पैशालाही भोक पडलं. तांबं वाचवायचं होतं!

या भोकामागचा व्यवहार मला फार पुढे कळला. हिंदुस्थानातून फौजेसाठी कापड, धान्य, सामान उचललं जाई. ब्रिटनच्या वाट्याचा खर्च लंडनच्या खात्यावर पौंडांत जमा होई, आणि त्याच्या तारणावर रिझर्व्ह बँक इथे नोटा छापे. युद्धाआधी दोनशे कोटींच्या आत असलेल्या नोटा 1945च्या अखेरीस बाराशे कोटींच्या आसपास गेल्या. माल रणांगणावर, नोटा बाजारात. भाव दुपटीच्या वर गेले नसते तरच नवल. आणि गंमत अशी की पिढ्यान्‌पिढ्या लंडनचा ऋणको असलेला देश सावकार झाला. ब्रिटनकडून येणं होतं सुमारे 130 कोटी पौंड. ते बुडू नये म्हणून ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भांडणाऱ्यांत महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर.

आजीचे थोरले दीर मराठा पलटणीत इटलीला होते. शेजारच्या पळसगावचे यशवंत घाडगे 1944च्या जुलैत तिथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याबद्दल दीर कधी बोलत नसत. त्यांच्या पगारातून, आणि नोट स्वस्त झाल्यामुळेही, घरावरचं जुनं कर्ज मात्र फिटलं. महागाईने पेज पातळ केली आणि जमीन सोडवली, ही दोन्ही कामं तिनेच केली.

देशाची वसुली इतकी सरळ झाली नाही. 1948च्या करारात त्या येण्यातले दहा कोटी पौंड ब्रिटिशांनी इथे सोडलेल्या लष्करी सामानापोटी वळते झाले. त्याहून मोठी रक्कम गेली ती इथे राज्य करून परतलेल्या साहेबांच्या पेन्शनच्या तजविजीला. दिरांची नोकरी लढाईपुरती, चार-पाच वर्षांची. त्यांना पेन्शन नव्हतं.