गणिताच्या गोळ्या

परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलवर कुणीतरी हळूच म्हणतं, "ही गोळी घे, झोप येणार नाही, सगळं डोक्यात बसेल." आज या गोळीचा इतिहास. गंमत म्हणजे तो सुरू होतो एका डोकेदुखीपासून.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ब्रॅडली होम नावाचं मुलांचं मानसोपचार रुग्णालय होतं. तिथले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली. काळ १९३० च्या दशकातला, म्हणजे सीटी स्कॅन, एमआरआय काहीच नाही. मेंदूचा फोटो हवा तर पाठीच्या कण्यातून मेंदूभोवतीचं पाणी काढायचं, तिथे हवा भरायची आणि एक्स-रे घ्यायचा. नंतर मुलांची डोकी भयंकर दुखायची. ब्रॅडलींना वाटलं, बेंझेड्रिन दिलं तर ते पाणी पुन्हा लवकर तयार होईल. बेंझेड्रिन म्हणजे अँफेटामिन. तेव्हा चोंदलेल्या नाकासाठी त्याचं इनहेलर मिळायचं.

डोकेदुखी काही फारशी थांबली नाही. पण वर्गात भलतंच घडलं. एका जागी न बसणारी मुलं शांतपणे गणितं सोडवायला लागली! मग ब्रॅडलींनी ३० मुलांना आठवडाभर औषध देऊन निरीक्षण केलं. जवळपास निम्म्या मुलांच्या अभ्यासात मोठा फरक दिसला. १९३७ साली त्यांनी हे छापलं. मुलांनी तर बारसंच करून टाकलं: 'गणिताच्या गोळ्या'!

आता प्रश्न असा, की उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत कसं झालं?

आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. डोपामिन आणि नॉरअॅड्रेनालिन ही त्यातली दोन. निरोप पोचला की पेशी ते रसायन परत आत ओढून घेते. मिथाइलफेनिडेट, म्हणजे रिटालिनमधलं औषध, ही परतीची वाट अडवतं. अँफेटामिन त्याही पुढे जाऊन पेशीतला साठा बाहेर ढकलतं. कपाळामागचा मेंदूचा भाग मन एका कामावर धरून ठेवतो, 'थांब, आधी हे संपव' असं सांगतो. एडीएचडीमध्ये हा ब्रेक सैल असतो. योग्य मात्रेत औषध तो ब्रेकच घट्ट करतं. म्हणून मूल शांत दिसतं. दिवसा अचानक झोप लागण्याच्या आजारावर, नार्कोलेप्सीवर, हीच औषधं माणसाला जागं ठेवतात.

पण त्याच काळात दुसरी गोष्टही घडत होती. १९३८ साली जर्मनीत पर्व्हिटिन बाजारात आलं. त्यात होतं मेथअँफेटामिन. १९४० साली एप्रिल ते जुलै या काळात जर्मन सैन्याला अशा साडेतीन कोटींहून जास्त गोळ्या पुरवल्या गेल्या. सैनिक रात्रंदिवस चालत राहिले. पण थकवा गेला नव्हता, नुसता झाकला गेला होता. मागून तो व्याजासकट वसूल झाला आणि काहींना व्यसनही लागलं. १९४१ साली जर्मनीलाच या औषधावर निर्बंध आणावे लागले. जपानमध्येही सैन्यासाठी वापरलेलं हेच औषध युद्धानंतर बाजारात पसरलं. व्यसन इतकं वाढलं, की १९५१ साली वेगळा कायदा करावा लागला.

एकाच कुळातली औषधं, पण ब्रॅडलींनी मूल समोर ठेवून मात्रा ठरवली, परिणाम लिहून ठेवले. युद्धात फक्त काम उरकायचं होतं.

एखाद्या मित्राला डॉक्टरांनी हे औषध दिलं असेल, तर त्याला 'नशा करतो' म्हणून चिडवू नका. त्याचा तो चष्मा आहे. पण दुसऱ्याचा चष्मा आपण लावत नाही ना? ही औषधं भूक आणि झोप उडवतात, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतात. म्हणूनच भारतात मिथाइलफेनिडेट एनडीपीएस कायद्याच्या यादीत आहे.

आणि वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेत. होस्टेलवरची ती गोळी नेमकी तीच झोप पळवते. तेव्हा पुस्तक मिटा आणि झोपा. भेटू पुढच्या भागात!