ध्वनिवादक मॉड्यूल

हौशी इलेक्ट्रॉनिक्स प्रकल्पात आधी रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारी तयार पट्टी. सर्वांत साधी ‘आयएसडी१८२०’ चिपची. तिच्यावरच माइक असतो, बटण दाबून बोलले की ८ ते २० सेकंदांचा आवाज साठतो आणि वीज गेली तरी पुसला जात नाही. वेळ ठरवणाऱ्या रोधकाचे मूल्य वाढवले की रेकॉर्डिंगचा वेळ वाढतो, स्पष्टपणा मात्र घटतो.

‘डीएफप्लेअर मिनी’ मायक्रोएसडी कार्डावरील एमपी३ व वॅव्ह फाइली वाजवते. कार्ड ३२ जीबीपर्यंतचे व फॅट१६ किंवा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले लागते. आर्डुइनो या नियंत्रक पट्टीकडून ९६०० बॉड गतीने आज्ञा जातात. आवाजाच्या पातळ्या ० ते ३०. आरएक्स (आज्ञा घेणाऱ्या) वायरीत १ किलोओहमचा रोधक घातल्यास स्पीकरमधील खरखर बरीच कमी होते. स्पीकरची कोणतीही वायर ग्राउंडला जोडू नये. नवशिके नेमकी हीच चूक करतात.

बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्यालगतच्या शिवारांत रोही (नीलगायी) व रानडुकरे पिकांत शिरतात. त्यांना हाकलणाऱ्या राखणीच्या भोंग्यासाठी डीएफप्लेअर मॉड्यूल सोयीचे असले, तरी त्याचा अंगचा ३ वॅटचा प्रवर्धक शेताला अपुरा पडतो. म्हणून मॉड्यूलच्या डॅक (ध्वनिसंकेत बाहेर देणाऱ्या) पिनांवरून आवाज १२ व्होल्ट बॅटरीवरील वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला देतात. रात्रभर एकच आवाज लावणे व्यर्थ, जनावरे त्याला लवकर सरावतात. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर जोडून, दर वेळी वेगळी फाइल वाजवणे अधिक उपयोगी. मात्र हा सेन्सर काही मीटरपर्यंतच काम करतो, त्यामुळे तो जनावरांच्या वाटेवरच बसवावा लागतो.