दुभाष्याचा कान

शाहूवाडीत श्रावणाचा पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडीप नसते. आंबा घाटाकडून धुकं उतरतं, दिवसाउजेडी घरात कंदील लागतो. अशा संध्याकाळी चुलीपुढं बसून आज्जा दोन मरणांच्या गोष्टी सांगायचा. पहिली बाजीप्रभूंची. विशाळगड आमच्याच तालुक्यातला, त्यामुळं 1660 च्या आषाढातली ती रात्र आम्हाला घरातल्याच कुणाची तरी वाटायची. दुसरी गोष्ट मात्र गावात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. ती वसईच्या गोन्सालो गार्सियाची.

आज्जाला ती मुंबईच्या गिरणीत मिळाली. शेजारच्या साच्यावर वसईचा एक ख्रिस्ती माणूस होता. गावाकडून येताना तो सुकेळी आणायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या संताची गोष्ट सांगायचा. 1982 चा संप लांबत गेला आणि आज्जा कायमचा गावी परतला. पत्र्याच्या पेटीत कपड्यांखाली त्या मित्रानं दिलेलं, तळहाताएवढं चित्र होतं : क्रूसावरचा माणूस आणि दोन्हीकडून रोखलेले भाले. आज्जीनं काही न विचारता ते देव्हाऱ्यात जोतिबाच्या तसबिरीशेजारी टेकवलं. त्याच्या कोपऱ्यावर अजून हळदीकुंकवाचे डाग आहेत.

गोन्सालोचा जन्म 1557 च्या सुमाराचा. वसई तेव्हा पोर्तुगिजांची. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. म्हणजे दोन भाषा त्याच्या कानावर पाळण्यातच पडल्या. येशूसंघीय पाद्र्यांकडं शिकून पंधराएक वर्षांचा असताना तो त्यांच्याबरोबर जपानला गेला. तिथली बोली त्यानं अशी उचलली की आठ वर्षं तो जपानी माणसांना त्यांच्याच भाषेत धर्म शिकवत होता. संघात मात्र त्याला घेतलं नाही. मग तो व्यापारात पडला, फिरत फिरत मनिलाला पोचला आणि तिथं फ्रान्सिस्कन संघानं त्याला बंधू म्हणून सामावून घेतलं. तो पुरोहित कधीच झाला नाही. 1593 मध्ये फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानं पेद्रो बाप्तिस्ता या पाद्र्याला वकील म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडं धाडलं. दरबारात बोलणार कोण? वसईचा गोन्सालो. पुढं क्योतोत या मंडळींनी चर्च उभारलं, कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ काढलं.

1596 मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्याला लागलं. त्यातला माल जप्त झाला, आणि आधी पाद्री येतात, मागून फौज येते, असं हिदेयोशीच्या कानावर गेलं. त्यानं पाद्री आणि त्यांच्या सोबत्यांच्या मरणाचा हुकूम काढला. क्योतोत त्यांचे कान कापून त्यांना गाड्यांवरून मिरवलं आणि भर हिवाळ्यात महिनाभराची वाट तुडवत नागासाकीला नेलं. 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले. बहुतेक जण जपानीच होते, त्यात लुईस इबाराकी हा बारा वर्षांचा पोरगाही होता.

आज्जाच्या गोष्टीत दोन्ही कान कापले जायचे आणि हातापायांत खिळे ठोकले जायचे. कॉलेजात गेल्यावर मी वाचलं, की कापला तो डाव्या कानाचा तुकडा. खिळे नव्हते, दोर आणि लोखंडी कड्यांनी जखडून भाले मारले. मोठ्या उत्साहानं मी आज्जाची चूक दाखवली. त्यानं चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाला, “आसंल गा. पर ज्येचं समदं जगणं कानावर, त्येचाच कान कापला, ह्ये ध्यानात ऱ्हाऊ दे.”

ते ध्यानात राहिलं. दुभाष्याचं काम जिभेचं, असं आपण समजतो. पण आधी त्याला ऐकावं लागतं, परक्याचं म्हणणं आपल्या आत पूर्ण उतरू द्यावं लागतं. गोन्सालोनं जन्मभर तेच केलं. म्हणून त्याच्या शौर्याइतकंच मला त्याचं ऐकणं मोठं वाटतं.

8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिलं. तोवर वसईवरून पोर्तुगीज गेले होते, मराठे आले-गेले होते, इंग्रजांचा अंमल होता. आज गास गावचं चर्च आणि वसईतलं एक महाविद्यालय त्याच्या नावाचं आहे, आणि तिथले ख्रिस्ती लोक त्याला आपला पालक संत मानतात. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. दुभाष्याचा वारसा असाही चालतो.

आज्जा गेल्यावर मी ते चित्र खिशात घालून वसईच्या किल्ल्यात गेलो. छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंतीत झाडांची मुळं शिरली होती. तिथं एक म्हातारे गृहस्थ बसले होते. चित्र पाहून आणि माझं गाव ऐकून त्यांनी विचारलं, “हे शाहूवाडीत कसं पोचलं?” मी म्हणालो, “मोठी गोष्ट आहे.”

त्यांनी मला शेजारी जागा करून दिली, कानामागं हात धरला आणि म्हणाले, “सांगा.”

मी आज्जाची गोष्ट सांगितली. दोन्ही कानांची, खिळ्यांची, जशीच्या तशी.