दार बंद होण्यापासून दार उघडेपर्यंत

१९८८ सालच्या मे महिन्यात मी पहिल्यांदा विमानात बसलो. नागपूरला मामा अत्यवस्थ असल्याची तार आली होती आणि वडिलांनी उसने पैसे घेऊन मुंबईहून दोन तिकिटे काढली होती. विमानाकडे चालत जाताना वाटेत सगळ्या प्रवाशांच्या बॅगा जमिनीवर ओळीने मांडलेल्या दिसल्या. प्रत्येकाने आपली बॅग बोटाने दाखवायची, मगच ती उचलून गाडीवर चढवली जायची. वडिलांना हा प्रकार विनोदी वाटला. "आपलीच बॅग आपणच ओळखायची? त्यापेक्षा एस.टी.चा टप बरा," असे ते म्हणाले. त्या ओळीमागे कोणता विचार होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते.

पुढे बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, हवाई सुरक्षेचे आपले कायदे वाचण्याचा नाद मला लागला. कायद्याची भाषा रूक्ष असते, पण तिच्यात एक गंमत आहे. प्रत्येक कलम कुठल्या तरी घटनेची आठवण ठेवून लिहिलेले असते. तारखा शेजारी मांडल्या की कोणत्या भीतीतून कोणते वाक्य जन्माला आले ते दिसू लागते. त्याच वेळी एक प्रश्नही पडतो. उद्याच्या संकटासाठी म्हणून केलेला कायदा खरोखर उद्याकडे पाहत असतो, की कालच्या जखमेवरच पट्टी बांधत असतो?

सुरुवात 'गंगा'पासून करावी लागते. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे हे छोटे फोकर विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. त्यांच्या हातातले पिस्तूल आणि हातबॉम्ब दोन्ही नकली होते. प्रवासी सुखरूप परतले, विमान मात्र लाहोरच्या धावपट्टीवर जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली आणि त्या वर्षअखेरच्या युद्धात या बंदीला मोठे महत्त्व आले. एका नकली पिस्तुलाने उपखंडाच्या इतिहासात एवढी ढवळाढवळ केली. पण 'विमान अपहरण' या नावाचा गुन्हा त्या दिवशी भारतीय कायद्यात नव्हता. त्याआधी जेमतेम दीड महिना, १६ डिसेंबर १९७० रोजी, हेग येथे विमान अपहरणाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता. आपल्याकडे त्यावर आधारलेला कायदा यायला १९८२ साल उजाडले.

मधल्या काळात अपहरणे थांबली नव्हती. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून मुंबईकडे निघालेले बोइंग लाहोरला नेण्यात आले. त्या घटनेनंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात एक सुरक्षा कक्ष सुरू झाला. त्याच वर्षाच्या २० डिसेंबरला लखनौहून दिल्लीला जाणारे विमान भोलानाथ आणि देवेंद्र पांडे या दोघांनी वाराणसीला उतरवायला लावले. हत्यारे कोणती, तर खेळण्यातले पिस्तूल आणि एक क्रिकेटचा चेंडू. इंदिरा गांधींची सुटका करा, ही त्यांची मागणी होती. १९८० साली हे दोघे उत्तर प्रदेश विधानसभेवर निवडून गेले. गुन्ह्याला स्वतंत्र नाव नसले की समाज त्याकडे किती सैलपणे पाहू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मला सापडलेले नाही. २९ सप्टेंबर १९८१ रोजी पुन्हा एक विमान लाहोरला गेले, या वेळी अपहरणकर्त्यांच्या हाती कृपाणे होती.

अखेर १९८२ साली संसदेने लागोपाठ दोन कायदे केले. क्रमांक ६५ हा विमान अपहरणविरोधी कायदा. क्रमांक ६६ हा नागरी विमान वाहतुकीच्या सुरक्षिततेविरुद्धची बेकायदा कृत्ये दडपण्याचा कायदा. पहिला हेग कराराला धरून, दुसरा १९७१च्या माँट्रियल कराराला धरून.

या जुळ्या भावंडांमधला एक फरक मला फार उशिरा लक्षात आला. अपहरणाच्या कायद्यानुसार गुन्हा घडायला विमान 'उड्डाणात' असावे लागे, आणि उड्डाण म्हणजे प्रवासी चढल्यावर बाहेरची सर्व दारे बंद झाल्या क्षणापासून उतरण्यासाठी एखादे दार उघडेपर्यंतचा काळ. घातपाताच्या कायद्यात मात्र 'सेवेत असलेले विमान' अशी आणखी एक कल्पना होती. तिचे मोजमाप उड्डाणपूर्व तयारीपासून सुरू होई आणि विमान उतरल्यावर २४ तासांनी संपे. एकाच वर्षी, एकाच संसदेत, एकामागून एक मंजूर झालेल्या दोन कायद्यांपैकी एक दाराकडे पाहत होता आणि दुसरा विमानाच्या सबंध दिवसाकडे.

दाराची व्याख्या १९८२मध्ये चुकीची वाटली नसणार. तोवरची अपहरणे आकाशातच झाली होती. पण पुढच्या दोन मोठ्या घटनांनी दाराला जुमानले नाही.

२३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ अटलांटिकवर फुटले. ते दिल्लीमार्गे मुंबईला यायचे होते. ३२९ माणसे गेली. बॉम्ब ज्या बॅगेत होता ती बॅग व्हँकुव्हरला 'एम. सिंग' या नावाने चढवली गेली. सिंग नावाचा तो प्रवासी विमानात बसलाच नाही. टोरांटोत सामान तपासण्याचे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी बंद पडले होते. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसऱ्या बॅगेचा स्फोट होऊन दोन कामगार मरण पावले. ज्या बॅगेचा मालक विमानात नाही ती बॅगही विमानात जाता कामा नये, हा साधा नियम त्यानंतर जगभर कडक झाला. माझ्या वडिलांना विनोदी वाटलेल्या बॅगांच्या ओळीचा अर्थ हा होता. १९७८च्या त्या छोट्या कक्षाचे १ एप्रिल १९८७पासून स्वतंत्र नागरी विमान सुरक्षा ब्यूरोत रूपांतर झाले, तेही कनिष्कमुळेच.

दुसरी घटना ५ सप्टेंबर १९८६ची. मुंबईहून निघालेले पॅन अॅमचे विमान पहाटे कराचीला उभे होते, नवे प्रवासी चढत होते. विमानतळाच्या सुरक्षारक्षकांसारखा वेश केलेले चौघे सुरक्षा विभागाच्या गाडीसारख्या दिसणाऱ्या गाडीतून आले आणि जिन्याने आत शिरले. नीरजा भनोटने वेळीच इशारा दिल्यामुळे वैमानिक निसटले आणि विमान जमिनीवरच राहिले. नीरजासह किमान २० जणांचा बळी गेला. आपल्या १९८२च्या व्याख्येची पट्टी लावली, तर ते चौघे आत शिरले त्या क्षणी विमानाचे दार उघडे होते. म्हणजे ते 'उड्डाणात' नव्हते. याच्या उलट चित्र २४ डिसेंबर १९९९ला दिसले. काठमांडूहून दिल्लीला येणारे आयसी-८१४ अमृतसरच्या धावपट्टीवर उभे होते. चाके जमिनीवर, पण दारे बंद, म्हणून कायद्याच्या भाषेत ते आकाशातच होते.

१९९४च्या दुरुस्तीने कायदा कडक केला होता. विशेष न्यायालये आली, जामीन अवघड झाला, शस्त्र सापडल्यास गुन्हा गृहीत धरण्याची तरतूद आली. कंदाहारनंतर फेब्रुवारी २०००पासून, जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या हाती गेले. पण व्याख्या तशीच राहिली. ११ सप्टेंबर २००१ला विमान हेच शस्त्र झाले, तरीही आपली व्याख्या दारापाशीच होती. २०१०मध्ये दुरुस्ती विधेयक आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बीजिंग येथे हेग कराराला नवा पूरक करार झाला, मग ते विधेयक मागे घेऊन २०१४मध्ये नवे मांडले गेले. ते २०१६ साली मंजूर झाले आणि ५ जुलै २०१७पासून अमलात आले.

या नव्या कायद्याने 'उड्डाणात' काढून 'सेवेत' हा शब्द घेतला. म्हणजे जो शब्द १९८२पासून शेजारच्या कायद्यात पडून होता, तो इकडे यायला ३४ वर्षे लागली. दुसरी भर खरोखर नवी होती. बळजबरी, धमकी यांच्या जोडीला 'कोणत्याही तांत्रिक साधनाने' विमानाचा ताबा घेणे हेही अपहरण ठरले. विमानात पाऊलही न ठेवता दूरवरून केलेला हल्ला डोळ्यांसमोर ठेवून हे शब्द लिहिले गेले. विश्वासार्ह वाटेल अशी धमकी देणे हाही अपहरणाचाच गुन्हा झाला. शिक्षा जन्मठेप, कोणाचा जीव गेल्यास फाशीपर्यंत.

उद्याच्या संगणकी चाच्यासाठी सजवलेल्या या कायद्याखाली पहिली शिक्षा झाली ती एका कागदाच्या चिठ्ठीपायी. ३० ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानाच्या स्वच्छतागृहात ती सापडली. विमानात अपहरणकर्ते आणि स्फोटके आहेत, असा तिचा आशय होता. विमान अहमदाबादला उतरवले गेले. प्रवाशांमधल्या मुंबईच्या एका व्यावसायिकाला अटक झाली आणि जून २०१९मध्ये विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप व ५ कोटी रुपये दंड ठोठावला. ऑगस्ट २०२३मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पुरावा अपुरा ठरवून त्याला निर्दोष सोडले. अटकेपासून निर्दोषत्वापर्यंत पावणेसहा वर्षे गेली.

या प्रकरणापाशी मी बराच काळ थांबलो. चिठ्ठी खोटी होती, पण विमानातली भीती खरी होती. धमकीला शिक्षा असावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न मापाचा आहे. कनिष्कसारख्या संहारासाठी घडवलेला हातोडा चिठ्ठीवर पडला, की ज्याच्यावर पडतो त्याचे आयुष्य जाते, आणि पुरावा कच्चा निघाला तर ती वर्षे कोणी परत करत नाही. २०२४च्या ऑक्टोबरात बॉम्बच्या खोट्या धमक्यांचा पूर आला, शेकडो विमाने खोळंबली. तेव्हा सरकारने त्या डिसेंबरात सुरक्षा नियमांत बदल करून अशा अफवांसाठी वेगळ्या दंडाची सोय केली. हे शहाणपण मला मोलाचे वाटते. भयंकर आणि खोडसाळ यांना वेगळ्या तराजूत तोलणे हीदेखील भविष्याची तयारीच असते.

आणि खरे भविष्य? ते बहुधा पुन्हा जुन्याच वाटेने आले आहे. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात विमानांच्या जीपीएस संदेशांत ढवळाढवळ झाल्याच्या ४६५ घटना सरकारने लोकसभेत सांगितल्या. बहुतेक अमृतसर आणि जम्मूच्या परिसरातल्या. 'गंगा' जम्मूला पोहोचू शकली नव्हती, आयसी-८१४ अमृतसरला थांबले होते. आज त्याच आकाशात विमानाला खोटे ठिकाण सांगितले जाते. यात कोणी विमानाचा ताबा घेत नाही, फक्त त्याची दिशाभूल करतो. मग याला 'तांत्रिक साधनाने' केलेले अपहरण म्हणायचे का? ताबा आणि दिशाभूल यांतली रेषा २०१६च्या कायद्याने आखलेली नाही. ती एखाद्या अपघातानंतर आखली जाऊ नये, एवढेच मला म्हणायचे आहे. दर पाच वर्षांनी संसदीय समितीने, कुठलीही दुर्घटना घडलेली नसताना, हे कायदे शेजारी ठेवून वाचावेत. तसे वाचन १९८७ साली झाले असते, तर ६६ क्रमांकाच्या पानावरचा शब्द तेव्हाच ६५ क्रमांकाच्या पानावर आला असता.

वडील २००३ साली गेले. त्यानंतरच्या प्रवासांत जमिनीवर मांडलेल्या बॅगा मला पुन्हा दिसल्या नाहीत. ते काम आता पट्टीवरचा संकेत वाचणारे यंत्र करते. त्या दिवशी नागपूरला पोहोचल्यावर मामांना त्यांनी सगळ्यात आधी बॅगांचीच गोष्ट सांगितली होती. मामा हसले होते. त्या हसण्यामागे कनिष्क होते हे सांगायला आता दोघेही नाहीत, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.