शब्दांधता ते अध्ययन-अक्षमता : एका संकल्पनेचा इतिहास

बुद्धीने चलाख, बोलण्यात तरतरीत, तोंडी हिशेबात हुशार, पण छापील पानापुढे बसविताच पदोपदी अडखळणारे मूल जेथे जेथे साक्षरतेचा प्रसार झाला तेथे तेथे असलेच पाहिजे. तथापि अशा मुलाची अडचण म्हणजे आळस नव्हे आणि मतिमांद्यही नव्हे, ही जाणीव अवघी सुमारे एकशेतीस वर्षांची आहे. ह्या काळात त्या अडचणीचे मूळ प्रथम दृश्य-स्मृतीत, पुढे मेंदूच्या दोन गोलार्धांच्या परस्परसंबंधात आणि शेवटी भाषेत शोधले गेले. ज्या काळी जे कारण मान्य झाले, त्यावरून मुलास ओळखण्याची कसोटी ठरली. आणि त्या कसोटीस जे मूल उतरले नाही, ते मदतीवाचून राहिले. ह्या विषयाच्या इतिहासाचे महत्त्व त्यातच आहे.

ह्या संकल्पनेचा उगम प्रौढांच्या आजारात आहे. मेंदूस इजा झाल्यावर दृष्टी व वाचा शाबूत असूनही वाचनशक्ती गमावणाऱ्या रुग्णांच्या स्थितीस जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल ह्यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधता’ हे नाव दिले. श्टुटगार्ट येथील नेत्रवैद्य रूडोल्फ बेर्लिन ह्यांनी १८८७ मध्ये ‘डिस्लेक्सिया’ ही संज्ञा रूढ केली. हीच स्थिती जन्मजातही असू शकेल, हा विचार पुढे आला तो १८९६ मध्ये. इंग्लंडमधील सीफर्ड येथील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन ह्यांनी त्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या मुलास मोठमोठे अंक सहज वाचता येत, बीजगणिताची उदाहरणेही सुटत. परंतु स्वतःचे नाव लिहिताना तो त्यातील अक्षरांची उलटापालट करी. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर हा शाळेतील सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा त्याच्या शिक्षकाचा अभिप्राय होता. इंग्लंडमध्ये १८८० साली शाळेतील उपस्थिती सक्तीची झाली होती. सर्वच मुले वाचनाच्या एका कसोटीवर घासली जाऊ लागली, तेव्हाच अशी मुले वेगळी दिसू लागणे स्वाभाविक होते.

ग्लासगो येथील नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड ह्यांनी ह्या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास करून १९१७ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. एकाच कुटुंबातील चार भावांत हा दोष असल्याचे त्यांनी १९०७ मध्ये नमूद केले होते. मेंदूच्या डाव्या भागात अक्षरांच्या व शब्दांच्या प्रतिमांचा साठा असतो आणि तो ह्या मुलांत अपुरा असतो, अशी त्यांची उपपत्ती होती. मात्र अध्यापनाबाबत त्यांनी केलेली शिफारस ह्या उपपत्तीपेक्षा अधिक दूरदर्शी होती. शब्द एकदम पाहून ओळखण्याच्या नव्या रीतीऐवजी अक्षरे मोठ्याने उच्चारून शब्द जुळविण्याची जुनी रीत त्यांनी पसंत केली. कानाच्या स्मृतीने डोळ्याच्या स्मृतीस आधार द्यावा, हा त्यामागील हेतू होता.

असाच प्रकार अमेरिकेत पुन्हा घडला. आयोवा राज्यातील मनोविकारतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन ह्यांनी १९२५ मध्ये शाळकरी मुलांच्या शब्दांधतेवर निबंध लिहिला. मेंदूच्या एका गोलार्धाचे दुसऱ्यावर पुरेसे प्रभुत्व प्रस्थापित न झाल्यामुळे अक्षरे उलटी दिसतात, असे त्यांचे मत होते. ‘बी’ आणि ‘डी’ ह्या रोमन अक्षरांची गल्लत हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. वाचनावर आधारलेल्या बुद्धिमापनात ह्या मुलांच्या बुद्धीस न्याय मिळत नाही, हा इशाराही त्यांनी त्याच वेळी दिला. त्यांच्या सहकारी अ‍ॅना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन ह्यांनी पुढील दशकात जी अध्यापनपद्धती सिद्ध केली, तीत प्रत्येक अक्षर पाहणे, त्याचा ध्वनी उच्चारणे, तो ऐकणे आणि हाताने गिरविणे ही अंगे एकत्र गुंफलेली होती. ऑर्टन ह्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही. ही पद्धती मात्र टिकली.

शिकागो येथे ६ एप्रिल १९६३ रोजी पालकांच्या परिषदेत सॅम्युएल कर्क ह्यांनी ‘अध्ययन-अक्षमता’ ही संज्ञा मांडली आणि हा प्रश्न दवाखान्यातून निघून शाळेत व कायद्यात आला. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने ह्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शासनाने स्वीकारली. परंतु १९७७ च्या नियमांनी बुद्ध्यंक व प्रत्यक्ष संपादन ह्यांतील मोठी तफावत हीच ओळखण्याची खूण ठरविली. पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत सर्वच मुलांचे वाचन थोडे असते, म्हणून ही तफावत तेव्हा क्वचितच दिसते. ती दिसण्याइतके अपयश साचेपर्यंत मुलास थांबावे लागे. बुद्धिमापनात कमी गुण मिळालेले मूल तर ह्या व्याख्येतूनच वगळले जाई. म्हणजे ऑर्टन ह्यांचा इशारा कायद्याच्या भाषेत हरवला. ही अट बंधनकारक नाही, असे तेथील कायद्याने स्पष्ट केले ते २००४ मध्ये.

दरम्यान कारणमीमांसाच बदलली होती. हिब्रू लिपी न जाणणाऱ्या मुलांना हिब्रू अक्षरे दाखवून ती स्मरणाने लिहावयास सांगितली असता कच्चे वाचक व चांगले वाचक सारखेच यशस्वी होतात, असे फ्रँक वेलुटिनो व त्यांच्या सहकाऱ्यांना सत्तरीच्या दशकात आढळले. दोष दृष्टीत असता, तर असे घडते ना. १९७४ मध्ये इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना शब्दातील घटकांइतके ठोके टेबलावर देण्यास सांगितले. चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांनी शब्दाचे उच्चारावयव मोजले, पण एकालाही स्वनिम मोजता आले नाहीत. १९८३ मध्ये ब्रॅडली व ब्रायंट ह्यांनी ६५ मुलांवरील प्रयोगाने दाखविले, की ध्वनींच्या वर्गीकरणाचा सराव अक्षरांच्या जोडीने दिल्यास वाचनात सर्वाधिक प्रगती होते. हिन्शेलवुड आणि गिलिंगहॅम ह्यांची अध्यापनपद्धती जेथे अनुभवाने पोहोचली होती, तेथे उपपत्ती अशी पुष्कळ उशिरा पोहोचली.

हे बहुतांश संशोधन इंग्रजीवर आधारलेले आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विसरता कामा नये. देवनागरीत लेखनाचा घटक सुटा स्वनिम नसून अक्षर हा आहे. ‘कि’मधील वेलांटी उच्चारात मागाहून येते, पण लिहिली जाते आधी; ‘धर्म’मधील रकार आधी उच्चारला जातो, पण पुढील अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘बी’-‘डी’सारख्या आरशातील जोड्या देवनागरीत जवळजवळ नाहीत, येथे गल्लत होते ती ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ ह्यांची. सोनाली नाग ह्यांच्या २००७ मधील कन्नडविषयक अभ्यासानुसार, अक्षरसंचाचे ज्ञान पूर्ण होण्यास इंग्रजी वर्णमालेपेक्षा कितीतरी अधिक वर्षे लागतात आणि स्वनिमांचे भानही सावकाश येते. मराठी लिपीची घडणही त्याच जातीची आहे. यास्तव इंग्रजी कसोटीचे केवळ भाषांतर केल्यास दुसरीतील निरोगी मूल अक्षम ठरण्याचा, आणि खरोखर अडलेले मूल निसटून जाण्याचा, असा दुहेरी धोका संभवतो.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कविषयक कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झाला. म्हणजे निदान ही आता हक्काशी जोडलेली गोष्ट झाली आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, कन्नड व इंग्रजीबरोबर मराठीतही चाचणीसाधने उपलब्ध केली, हे योग्य दिशेचे पाऊल होय. विशेषतः घरी मराठी बोलून शाळेत इंग्रजी वाचणाऱ्या मुलाची अडचण भाषेच्या अपरिचयाची आहे की वाचनाचीच, हे दोन्ही भाषांत तपासल्यावाचून कळणार नाही. अध्यापनापुरते म्हणावयाचे तर मराठी शाळेच्या हाती बाराखडी आहे. ती नुसती घोकून न घेता ‘क्’ आणि ‘आ’ मिळून ‘का’ कसा होतो हे ऐकवून, म्हणवून आणि गिरवून घेतले, तर अक्षराच्या पोटातील ध्वनी मुलाच्या प्रत्ययास येऊ शकतात. तसे केल्याने अडखळणाऱ्या मुलास किती लाभ होतो, हे मराठी वर्गातच मोजले गेले पाहिजे. आणि ते काम वैद्यकाइतकेच भाषाशास्त्राचे आहे.